देवासचा दरबार आणि एक इंग्रज कादंबरीकार



ज्या थोर अध्यापकांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात तुकोबांचा अभंग आणि परदेशातली कादंबरी ही दोन्ही सारख्याच आस्थेने शिकवली जात, असे त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. तेव्हा आज मी एका इंग्रज कादंबरीकाराविषयी बोलण्यास उभा राहिलो आहे, याचे त्यांच्या स्मृतीला वावडे वाटणार नाही, अशी माझी खात्री आहे. एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर हे त्या कादंबरीकाराचे नाव. १८७९ च्या नववर्षदिनी लंडन येथे त्यांचा जन्म झाला आणि १९७० च्या जून महिन्यात, एक्याण्णव वर्षांचे दीर्घायुष्य भोगून ते निवर्तले. एवढ्या आयुष्यात त्यांनी आपल्या हयातीत प्रसिद्ध केलेल्या कादंबऱ्या अवघ्या पाच, आणि त्यांतली पाचवी, ‘अ पॅसेज टु इंडिया’, १९२४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानंतर शेहेचाळीस वर्षे ते निबंध लिहीत राहिले, व्याख्याने देत राहिले; कादंबरी मात्र त्यांनी पुन्हा प्रसिद्ध केली नाही.

या गृहस्थांचा आणि आपला संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो फार निकटचा आहे. त्या पाचव्या कादंबरीच्या अखेरच्या भागात एका हिंदी संस्थानातील राजवाड्यात गोकुळाष्टमीचा उत्सव चालला आहे, तुकाराममहाराजांच्या नावाचा गजर होतो आहे, आणि टाळ वाजवीत देवापुढे नाचणारा मनुष्य नारायण गोडबोले नावाचा दक्षिणी ब्राह्मण आहे. पागोटे, कोट, जाकीट, धोतर, पिकलेल्या मिशा, घारे डोळे, युरोपियनासारखा गोरा वर्ण: लेखकाने रेखाटलेले हे ध्यान आपणांपैकी कोणाला अपरिचित आहे? इंग्रजी वाङ्मयातील एका श्रेष्ठ कादंबरीने आपला सर्वांत गहन अनुभव व्यक्त करण्यासाठी एका कोकणस्थ मास्तराची निवड करावी, आणि त्याच्या मुखी देहूच्या संताचे नाव घालावे, ही गोष्ट मराठी वाचकाने सहज ओलांडून जावी अशी नाही.

प्रेम, प्रवास, कला आणि मनुष्यस्वभाव हे फॉर्स्टर यांच्या चिंतनाचे चार विषय आहेत, असे सामान्यतः म्हटले जाते. मला ते चार वाटत नाहीत. दुसऱ्या जिवाला हाक कशी मारावी, आणि ओ आली नाही तर त्या हाकेचे काय करावे, हा एकच प्रश्न या माणसाने जन्मभर धरून ठेवला, आणि ते चार विषय म्हणजे त्या एका प्रश्नाकडे जाणाऱ्या चार वाटा होत, असे माझे मत आहे.

प्रवासापासून आरंभ करू. १९०१ साली, केंब्रिजचे शिक्षण संपवून, फॉर्स्टर आपल्या मातोश्रींसमवेत इटलीला गेले, आणि त्या प्रवासातून पुढे १९०८ साली प्रसिद्ध झालेली ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ ही कादंबरी निर्माण झाली. तिची नायिका ल्यूसी फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे या विख्यात मंदिरात जाते, आणि तिची लाल पुठ्ठ्याची प्रवासपुस्तिका नेमकी त्या दिवशी दुसऱ्याच एका बाईंच्या हाती राहते. आता या विशाल, गारठलेल्या मंदिरात कोणत्या समाधीपुढे थांबावयाचे, कोणत्या भित्तिचित्रापुढे सद्गदित व्हावयाचे, हे तिला सांगणार कोण? प्रथम ती रडकुंडीस येते. नंतर हळूहळू माहिती गोळा करण्याचा तिचा उद्योग सुटतो, भोवतालची माणसे तिला दिसू लागतात, आणि तिला बरे वाटू लागते.

परंतु फॉर्स्टर येथेच थांबते तर तो एक मार्मिक प्रवासलेख झाला असता. त्यांनी पुढे काय केले? एका सायंकाळी तीच ल्यूसी दुकानातून बोत्तिचेल्ली आदी चित्रकारांच्या चित्रांची छायाचित्रे विकत घेऊन शहरातील मोठ्या चौकात येते, आणि तिच्या डोळ्यांदेखत दोन इटालियन माणसे कर्जाच्या किरकोळ रकमेवरून हमरीतुमरीवर येतात. एकाच्या छातीवर वार होतो. तो माणूस ल्यूसीच्या दिशेने झुकतो, जणू तिला काही महत्त्वाचे सांगावयाचे आहे, ओठ उघडतो, आणि शब्दाच्या ऐवजी रक्त येते. तिला सावरणारा तरुण ती रक्ताने भरलेली छायाचित्रे पुढे आर्नो नदीत टाकून देतो. पाहा, एका पानावर किती गोष्टी एकत्र आल्या आहेत: परदेश, चित्रकला, मृत्यू, आणि जिच्यातून पुढे प्रेम उगवणार आहे अशी एक ओळख. एक अनोळखी माणूस तुमच्याकडे वळून काही सांगू पाहतो आणि तुम्हांला ते समजत नाही; फॉर्स्टर यांच्या लेखी प्रवासाचा खरा आरंभ येथे होतो.

हिंदुस्थानकडे त्यांना ओढून आणले तेही कोणत्या देवळाने अथवा हिमशिखराने नव्हे. एका माणसाने आणले. सर सय्यद अहमद यांचे नातू सय्यद रॉस मसूद ऑक्सफर्डला जाण्यापूर्वी १९०६ साली फॉर्स्टर यांच्याकडे लॅटिन शिकू लागले, आणि शिकवणीचे रूपांतर लवकरच अशा मैत्रीत झाले की, १९२४ सालची ती कादंबरी मसूद यांनाच अर्पण झाली. १९१२ च्या ऑक्टोबरात फॉर्स्टर मुंबई बंदरात उतरले आणि अलीगढला मित्राच्या घरी गेले. या पहिल्या फेरीत ते गयेजवळची बराबर लेणी पाहून आले, जेथील आरशासारख्या गुळगुळीत भिंतींतून कादंबरीतला तो भयानक प्रतिध्वनी निघाला. आणि याच फेरीत ते औरंगाबादेस, म्हणजे त्या वेळच्या निजामाच्या मुलखात, येऊन राहिले, हे आपण ध्यानात ठेवावे.

औरंगाबादेत त्यांनी मुन्सफाची कचेरी पाहिली. फिर्यादी, वकील, कारकून, दप्तरांचे रुमाल, आणि या सर्वांपासून अलिप्त असा, निर्विकारपणे दोरी ओढणारा एक पंखेवाला. कचेरीत नित्य जाणाऱ्या आपल्या वाडवडिलांपैकी कितीजणांनी त्या पंखेवाल्याच्या मुखाकडे पाहिले असेल? या परक्या माणसाने पाहिले, आणि मनुष्याच्या आयुष्याचा धागा कापणाऱ्या ग्रीक दैवतेची स्थिरता त्याला तेथे दिसली. कादंबरीतील डॉक्टर अझीझ या हिंदी पात्रावरील खटला ऐन रंगात येतो तेव्हा फिर्यादी असलेली इंग्रज तरुणी कोर्टात शिरते, आणि तिची दृष्टी प्रथम न्यायाधीशावर न जाता, सुंदर बांध्याच्या, जवळजवळ उघड्या अंगाच्या, खटल्याचा एक शब्दही न समजणाऱ्या पंखेवाल्यावर जाते. आणि आपले दुःख म्हणजे विश्वाचे केंद्र, हे आपणांस कोणी सांगितले, अशी शंका तिच्या मनात उभी राहते. त्या शंकेतूनच पुढे एका निरपराध माणसाची मुक्तता होते. औरंगाबादच्या त्या पंखेवाल्याचे नाव कोणत्याही दप्तरात नाही. त्याने कोणाला हाक मारली नव्हती, तरी ती ऐकली गेली.

आता देवासकडे वळतो, आणि येथे मी आपला थोडा अधिक वेळ घेणार आहे.

माळव्यात पेशव्यांच्या स्वाऱ्यांबरोबर गेलेल्या तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंच्या वंशात गाव एकच राहिले आणि गाद्या दोन झाल्या; थोरली पाती आणि धाकटी पाती. गावावर देवीची टेकडी. (पुढे कुमार गंधर्व आजारी अवस्थेत जेथे येऊन राहिले आणि जेथे त्यांनी आपले गाणे नव्याने घडवले, ते देवास हेच.) थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव हे कोल्हापूरच्या शाहूमहाराजांचे जावई. त्यांचे शिक्षक माल्कम डार्लिंग हे केंब्रिजमधील फॉर्स्टर यांचे स्नेही, आणि त्यांच्या ओळखीने १९१२ च्या नाताळात फॉर्स्टर प्रथम या दरबारात आले. मेजवानीच्या दिवशी त्यांना दरबारी पोशाख चढवण्यात आला आणि मस्तकावर लाल-सोनेरी मराठी पगडी ठेवण्यात आली. त्या पगडीचे वर्णन त्यांनी घरी पाठवलेल्या पत्रात मोठ्या कौतुकाने केलेले आहे. १९२१ साली ते पुन्हा आले ते महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून. बाग, मोटारखाना, पाहुण्यांचा बंगला, टेनिसचे मैदान, विजेचे घर असा सारा कारभार या कादंबरीकाराच्या अंगावर पडला. नवा राजवाडा एकीकडून बांधला जात होता आणि दुसरीकडून ढासळत होता. जमाखर्चाचा मेळ नव्हता. आणि या अव्यवस्थेच्या मध्यभागी ज्याच्यावर प्रेम केल्यावाचून राहवू नये असा एक राजा बसला होता.

त्या वर्षीचा गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांनी पाहिला. महाराज स्वतः अनवाणी, गळ्यात हार, हाती टाळ घेऊन देवापुढे नाचत. अखेरच्या दिवशी मातीचे गोकुळ मिरवत नेऊन तलावात सोडण्यात आले. फॉर्स्टर घरी लिहितात त्यात मोठी व्यथा आहे: या सर्वांत ना सौंदर्य, ना प्रमाण, ना अभिरुची, विजेचे दिवे, बँडचा गोंगाट, भडक सजावट. आणि तरी, त्या नाचणाऱ्या राजाच्या मुखावर जे दिसले ते त्यांना विसरता आले नाही.

येथे मला माझे मत नोंदवणे प्राप्त आहे. भजनात त्यांना घाट दिसला नाही, याचे कारण घाट नव्हता हे नसून तो घाट कालक्रमात होता, आणि त्यांची दृष्टी तो सजावटीत शोधीत होती. आरंभीचे रूपाचे अभंग, मग गौळणी, मग विरहिणी, शेवटी काला आणि आरती, हा क्रम ज्याच्या कानात लहानपणापासून बसला आहे, त्याला त्या गोंगाटाच्या आत एक बांधेसूद रचना ऐकू येते. गोडबोले कादंबरीच्या पूर्वार्धात एका चहापानाच्या वेळी सायंकाळच्या रागातले एक पद म्हणतात: गोपी कृष्णाला ये म्हणते, आणि तो येत नाही. इंग्रज पाहुणीण विचारते, दुसऱ्या एखाद्या पदात तरी तो येत असेलच ना? गोडबोले शांतपणे उत्तर देतात की नाही, तो येत नाही. इंग्रज समीक्षकांनी या प्रसंगावर पानेच्या पाने लिहिली आहेत. ज्ञानदेवांच्या विरहिणी ज्याने ऐकल्या आहेत, त्याला ते पद पहिल्या वाचनातच घरचे वाटेल. न येणाऱ्याला ये म्हणत राहणे ही आमच्याकडे निराशा मानलेली नाही. ती उपासना मानली आहे. फॉर्स्टर यांना या परंपरेचा सांप्रदायिक क्रम ठाऊक नव्हता, परंतु तिचे मर्म त्यांना गवसले, आणि हे श्रेय त्यांच्या प्रतिभेइतकेच देवासच्या त्या दरबाराचे आहे.

आता कादंबरीच्या अखेरच्या भागातला तो क्षण. राजवाड्यातले भजन तीव्र होत चालले आहे. गोडबोल्यांचा चष्मा जाईच्या हारात अडकतो, तो सोडवला जातो, गजर पुढे चालू राहतो. आणि एकाएकी गोडबोल्यांना एक वृद्ध इंग्रज बाई आठवतात. मिसेस मूर. या बाईंची आणि गोडबोल्यांची ओळख फारशी नव्हती. त्या आता जिवंतही नाहीत. गोडबोल्यांना त्यांची आठवण मुद्दाम करावयाची नव्हती. पण ती आली, आणि जेथे काहीही अपुरे राहत नाही तेथे त्यांनी त्या बाईंना मनाने नेऊन पोहोचवले. मग एक गांधीलमाशी आठवली, कोठे पाहिली होती कोण जाणे, बहुधा एका दगडावर. तिच्यावरही त्यांनी तितकेच प्रेम केले. मग तो दगड? त्या दगडालाही तेथे नेता येईल काय?

नाही. ते त्यांना साधले नाही. दगडाच्या बाबतीत भावनेची जागा बुद्धीने आणि हेतुपुरस्सर प्रयत्नाने घेतली होती, म्हणून ते फसले. आणि गोडबोले पुन्हा सतरंजीवर, टाळांच्या नादात, आपल्या शरीरात परत आले.

सज्जनहो, प्रेमावर लिहिणाऱ्या कितीजणांनी हा दगड लिहिला असता? माशीपर्यंत पोहोचलेला लेखक दगडाला कवटाळण्याचा मोह आवरीत नाही. एक वाक्य अधिक लिहिले की विश्वैक्य सिद्ध होते आणि वाचकाचे डोळे भरून येतात. फॉर्स्टर यांनी ते वाक्य लिहिले नाही. मूर बाईंनी फार पूर्वी एका रात्री आपल्या खोलीतल्या खुंटीवर अशीच एक गांधीलमाशी पाहून तिला लाडाने हाक मारली होती, हे गोडबोल्यांना ठाऊक नाही. ते केवळ वाचकाला ठाऊक आहे. दोन माणसे, ज्यांची परस्परांशी धड चार वाक्येही झाली नाहीत, एका कीटकावरील ममतेने जोडली गेली आहेत, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही. जोडणे हा फॉर्स्टर यांचा जन्माचा ध्यास होता. १९१० सालच्या ‘हॉवर्ड्स एंड’च्या शीर्षकपृष्ठावर त्यांनी तोच आदेश घातला होता. परंतु जोडणीला मर्यादा आहे, हे सांगण्याचे धैर्य त्यांना हिंदुस्थानात आले.

या दगडापासून त्यांचे पुढचे सारे विचार निघतात, असे मला वाटते. १९४१ साली, महायुद्धाच्या ऐन धुमाळीत, युद्धोत्तर जगाची उभारणी प्रेमाच्या पायावर करावी असे सर्वत्र बोलले जात असता, त्यांनी स्पष्ट सांगितले की खाजगी आयुष्यात प्रेमासारखी शक्ती नाही, पण सार्वजनिक व्यवहारात ते चालत नाही; पोर्तुगालमधल्या माणसाने पेरूतल्या कधी न पाहिलेल्या माणसावर प्रेम करावे, ही अपेक्षा अवास्तव आहे आणि धोक्याचीही आहे. तेथे सहिष्णुता पाहिजे. बसमध्ये, रांगेत, कचेरीत जे शेजारी आपणांस आवडत नाहीत, त्यांना सहन करण्याचा तो निरुत्साही, नीरस गुण. दगडावर प्रेम करता आले नाही म्हणून तो फोडून टाकण्याचे कारण नाही!

कलेविषयी त्यांचे म्हणणे थोडक्यात सांगतो, कारण त्यात वादाला फारशी जागा मला दिसत नाही. १९४९ साली न्यूयॉर्क येथे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी असे प्रतिपादन केले की जगात समाजव्यवस्था येतात आणि मोडतात, मनुष्याने उभारलेली राज्ये अंतर्गत सुसंगतीवाचूनच उभी असतात, आणि जिच्यात आतून जुळलेली व्यवस्था आहे अशी वस्तू म्हणजे एकटी कलाकृती. देवासच्या त्या अस्ताव्यस्त राजवाड्यात विजेच्या घराचा हिशेब पाहिलेल्या माणसाचे हे वाक्य आहे, हे विसरू नये.

मनुष्यस्वभावाविषयी त्यांनी १९२७ साली केंब्रिज येथे जी व्याख्याने दिली, त्यांतली सपाट पात्रे आणि गोलाईची पात्रे ही विभागणी आमच्या महाविद्यालयांतून इतकी घोकली गेली आहे की त्या व्याख्यानांतला खरा गाभा बाजूस राहिला. तो असा. आपण ज्या माणसांबरोबर जगतो, त्यांचे अंतरंग आपणांस कधीच पूर्ण कळत नाही. बाह्य खुणांवरून अंदाजाने आपण संसार करतो. कादंबरीतला माणूस मात्र, लेखकाची इच्छा असेल तर, नखशिखांत कळू शकतो. म्हणून कादंबऱ्या, दुष्ट माणसांच्या असल्या तरी, आपल्याला दिलासा देतात. याच व्याख्यानांत त्यांनी मनुष्याच्या आयुष्यातील पाच मुख्य गोष्टी सांगितल्या आहेत: जन्म, अन्न, निद्रा, प्रेम आणि मृत्यू, आणि कादंबरीकार निद्रेला जवळजवळ विसरतात, अन्नाचा उपयोग केवळ पात्रे एकत्र बसवण्यासाठी करतात, आणि प्रेमाला अवाच्या सवा जागा देतात, असे दाखवले आहे. पण एका गोष्टीविषयी त्यांना त्या सभागृहात बोलता येत नव्हते, आणि आज ती आपण मोकळेपणाने बोलली पाहिजे. फॉर्स्टर यांचे प्रेम पुरुषांवर होते, आणि इंग्लंडच्या कायद्याने १९६७ पर्यंत तो गुन्हा होता. १९१३-१४ साली त्यांनी ‘मॉरिस’ ही कादंबरी लिहिली. तिच्यात दोन पुरुषांच्या प्रेमाचा शेवट सुखाचा आहे, आणि नेमक्या त्याच कारणासाठी ती त्यांच्या मृत्यूनंतरच, १९७१ साली, प्रसिद्ध होऊ शकली. सत्तावन्न वर्षे ते हस्तलिखित कपाटात होते! स्त्रीपुरुषांचे प्रेम या एकाच परवानगी असलेल्या विषयाचा आपणांस कंटाळा आला आहे, असे त्यांनी तरुणपणीच रोजनिशीत लिहून ठेवले होते. शेहेचाळीस वर्षांच्या त्या मौनाची कारणे पुष्कळांनी पुष्कळ दिली आहेत. ज्या समाजाने माणसाच्या हाकेलाच गुन्हा ठरवले, त्या समाजाला आपण पहिला जाब विचारला पाहिजे.

मैत्री हाच मग त्यांचा धर्म झाला. देश आणि मित्र यांपैकी एकाचा विश्वासघात करण्याचा प्रसंग आला तर देशाचा विश्वासघात करण्याचे धैर्य आपल्या अंगी असावे, असे त्यांनी १९३९ च्या सुमारास लिहिले, आणि त्या विधानावर आजही वाद होतात. हे विधान पोकळ होते काय? १९३३ साली तुकोजीराव महाराज, खजिना रिता झालेला, सरकारी चौकशी दारात आलेली, अशा स्थितीत संस्थान सोडून फ्रेंचांच्या पाँडिचेरीत निघून गेले आणि १९३७ साली तेथेच वारले. मसूदही त्याच वर्षी गेले. सरकारदरबारी महाराजांची नोंद एक नालायक संस्थानिक अशीच राहिली. आणि १९५३ साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, सर्व मानसन्मान पदरी असताना, फॉर्स्टर यांनी देवासची आपली जुनी पत्रे ‘द हिल ऑफ देवी’ या नावाने प्रसिद्ध केली. महाराजांचे दोष झाकले नाहीत, कारभाराची दुर्दशा लपवली नाही, आणि हा मनुष्य थोर होता, त्याचा सहवास ही माझ्या आयुष्यातील मोठी संधी होती, असे आपल्या देशाच्या सरकारी निवाड्याविरुद्ध छापून ठेवले.

तुकोजीरावांचे चिरंजीव विक्रमसिंहराव १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शहाजी छत्रपती झाले, म्हणजे हा मामला आपल्या घरचाच आहे. इंग्रजी बाजूने त्याविषयी विपुल लिहिले गेले आहे. मराठी बाजू लिहावयाची राहिली आहे. ज्यांना मोडी वाचता येते, माळव्यातील मराठी घराण्यांशी ज्यांचा संबंध आहे, आणि ज्यांच्या कानाला भजनाची बारी परिचयाची आहे, अशा तरुण अभ्यासकांनी ‘द हिल ऑफ देवी’ एका हाती आणि दरबारचे १९२१ चे दफ्तर दुसऱ्या हाती घेऊन, गोकुळाष्टमीच्या त्या आठ दिवसांत राजवाड्यात कोणते अभंग कोणत्या क्रमाने म्हटले गेले याचा शोध घ्यावा, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे. या कामाला विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळो वा न मिळो, ते अंगावर घेणारा कोणी या सभागृहात असेल, तर व्याख्यान संपल्यावर त्याने मला अवश्य भेटावे. माझ्याजवळची पुस्तके आणि टिपणे त्याच्या स्वाधीन करण्यास मी तयार आहे.